आरोग्याचा ताळेबंद : बायोटिनची गरज किती, खरेदी किती?

जिल्ह्याच्या गावी भुसार मालाचे जुने दुकान असलेल्या एका घराची कल्पना करावी. घरातील पस्तिशीच्या सुनेने पर्युषणात अठ्ठाई केली. पारणे सुखरूप झाले, सगळ्यांनी साता विचारली, कौतुक झाले. दिवाळीच्या सुमारास मात्र केस विंचरताना फणीत गुंतेच्या गुंते येऊ लागले. भाऊबीजेला आलेल्या नणंदेने आपल्या पर्समधील डबी काढून दिली. "वहिनी, मी हीच घेते. केसांचे व्हिटॅमिन आहे, त्रास काही नाही." डबीवर बायोटिन १०,००० मायक्रोग्रॅम असे छापलेले होते. सुनेने रोज एक गोळी सुरू केली.

दीड महिन्याने थकवा आणि छातीत धडधड जाणवू लागली म्हणून रक्त तपासले. अहवालात टीएसएच फार कमी आणि टी-४ वाढलेले होते. थायरॉइड ग्रंथी प्रमाणाबाहेर काम करते आहे, असा त्याचा सरळ अर्थ निघत होता. घरात काळजी पसरली. डॉक्टरांना मात्र शंका आली, कारण वजन उतरलेले नव्हते, हाताला कंप नव्हता आणि गळ्याची ग्रंथीही वाढलेली नव्हती. त्यांनी विचारले, "ताई, सध्या कोणती औषधे चालू आहेत?" उत्तर आले, "औषध काहीच नाही डॉक्टर. फक्त केसांचे व्हिटॅमिन घेते." डॉक्टरांनी ती गोळी बंद करायला सांगून आठवड्याने पुन्हा तपासणी केली. थायरॉइडचे सारे आकडे मर्यादेत होते. हिमोग्लोबिन मात्र बरेच उतरलेले होते आणि थकव्याचे व धडधडीचे मूळ तेथे होते. घरी परतल्यावर सासरेबुवा एवढेच म्हणाले, "दुकानात माल भरताना आपण खपाचा अंदाज घेतो. ही डबी कोणत्या हिशेबाने आणली होती, बेटा?"

प्रसंग कल्पित असला तरी त्यातील एकही पायरी अशक्य नाही. म्हणूनच सासरेबुवांच्या प्रश्नाचे उत्तर शोधणे आवश्यक आहे.

बायोटिन म्हणजे काय?

बायोटिन हे ब-जीवनसत्त्वांच्या कुटुंबातील एक सदस्य असून त्याला ब-७ असेही म्हणतात. एके काळी त्याला 'व्हिटॅमिन एच' हे नाव होते. हा 'एच' जर्मन भाषेतील केस आणि त्वचा या अर्थाच्या शब्दांच्या आद्याक्षरावरून आला. केसांशी जोडलेली त्याची कीर्ती अशी नावापासूनच सुरू होते.

शरीरात मात्र त्याचे काम केसांपुरते नाही. आपल्या पेशींमध्ये पाच विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन-पदार्थ, अशी आहेत की बायोटिन जोडल्याशिवाय ती काम करू शकत नाहीत. त्यांतील काही स्निग्ध आम्लांची निर्मिती व वापर यांचे नियमन करतात. एक विकर उपाशीपोटी शरीराला आतल्या आत साखर तयार करण्यास मदत करते, तर उरलेली काही प्रथिनांतील अमिनो आम्लांचा निचरा करतात. बायोटिनपासून थेट ऊर्जा मिळत नाही. पेढीवरील मुनीम स्वतः माल विकत नाही, पण त्याच्यावाचून व्यवहाराची नोंद पुढे सरकत नाही, तसे त्याचे स्थान आहे.

आणखी एक गोष्ट व्यापारी वाचकाला विशेष भावेल. काम संपलेल्या विकरातील बायोटिन शरीर टाकून देत नाही. 'बायोटिनिडेज' नावाचे दुसरे विकर ते सोडवून घेते आणि पुन्हा वापरात आणते. थोडेसे खेळते भांडवल वारंवार फिरवून मोठा धंदा चालवावा, तशी ही व्यवस्था आहे. रोजची गरज इतकी अल्प असण्याचे हे एक कारण होय.

शोधाची कथा

विसाव्या शतकाच्या आरंभी संशोधकांना एक कोडे पडले होते. कच्च्या अंड्याचा पांढरा भाग मोठ्या प्रमाणात दिलेल्या उंदरांची कातडी सोलवटे, केस गळत आणि ते अशक्त होत. तोच भाग शिजवून दिला की काही होत नसे. १९२७ मध्ये लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील मार्गारेट बोआस यांनी या विकाराचे सविस्तर वर्णन केले आणि काही अन्नपदार्थांत त्यापासून बचाव करणारा एक घटक असल्याचे दाखवले. १९३६ मध्ये फ्रिट्झ क्योगल आणि बेन्नो ट्यॉनिस यांनी सुमारे २५० किलो वाळवलेल्या बलकातून जेमतेम १ मिलिग्रॅमच्या आसपास शुद्ध बायोटिन वेगळे केले. १९४० च्या सुमारास पॉल ग्योर्गी आणि व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी निरनिराळ्या नावांनी ओळखले जाणारे हे घटक एकच आहेत, असे सिद्ध केले. १९४२ मध्ये त्याची रचना उलगडली आणि १९४३ मध्ये ते प्रयोगशाळेत तयारही झाले.

कोड्याचे उत्तर असे निघाले : कच्च्या पांढऱ्या भागात 'अॅव्हिडिन' नावाचे प्रथिन असते. ते बायोटिनला इतके घट्ट पकडते की आतड्यातून बायोटिन शोषलेच जात नाही. उष्णतेने अॅव्हिडिनची रचना मोडते आणि पकड सुटते. ही पकड निसर्गातील अत्यंत मजबूत बंधांपैकी एक मानली जाते. वाचकांनी ती लक्षात ठेवावी, कारण आरंभीच्या प्रसंगातील घोटाळ्याचे मूळ तिच्यातच आहे.

१९४२ मध्ये अमेरिकेत काही स्वयंसेवकांना बायोटिन अत्यल्प असलेला आहार आणि जोडीला कच्चा पांढरा भाग रोज मोठ्या प्रमाणात देऊन पाहण्यात आले. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून त्वचेला कोंडा धरू लागला, पुढे अंगदुखी, मरगळ आणि अन्नावरची वासना उडणे अशी लक्षणे आली. बायोटिन देताच ती काही दिवसांत मावळली. बायोटिनचा अभाव मुद्दाम घडवून आणायलाही किती खटाटोप करावा लागतो, हे या प्रयोगावरून ध्यानात येते.

गरज किती, मिळते किती?

अमेरिकेत प्रौढ व्यक्तीसाठी रोज ३० मायक्रोग्रॅम आणि स्तनपान देणाऱ्या मातेसाठी ३५ मायक्रोग्रॅम बायोटिन पुरेसे मानले जाते. युरोपात प्रौढांसाठी हा आकडा ४० आहे. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग.

आता डबीवरील आकडा पाहू. १०,००० मायक्रोग्रॅम म्हणजे १० मिलिग्रॅम. काही वेष्टनांवर एक एकक असते, काहींवर दुसरे, त्यामुळे ग्राहक गोंधळतो. रोजची गरज ३० धरली तर अशा एका गोळीत ३३३ दिवसांची गरज भागते. तीस गोळ्यांच्या एका डबीत १०,००० दिवसांची, म्हणजे २७ वर्षांहून अधिक काळाची बेगमी असते. पण ही ठेव शरीरात साठून राहत नाही. बायोटिन पाण्यात विरघळणारे असल्याने नको असलेला बहुतेक भाग मूत्रावाटे निघून जातो. सत्तावीस वर्षांचा माल एका महिन्यात भरायचा आणि बहुतेक सारा गटारात सोडायचा, असा हा व्यवहार आहे.

आपल्या ताटातील बायोटिन

बायोटिनच्या स्रोतांची यादी कोठेही पाहिली तरी प्राण्यांचे यकृत, अंडी आणि मासे हेच वरच्या ओळीत दिसतात. त्यामुळे शाकाहारी, विशेषतः जैन घरांत याची कमतरता असणारच, असा समज सहज होतो. हा समज निराधार आहे.

मूठभर, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम भाजलेल्या शेंगदाण्यांतून अंदाजे ५ मायक्रोग्रॅम बायोटिन मिळते. शेंगदाणा जमिनीखाली वाढत असला तरी तो कंद नसून बी आहे, म्हणून कंदमुळांचा त्याग केलेल्या बहुतेक घरांतही तो चालतो. पाव वाटी सूर्यफुलाच्या बियांतून सुमारे अडीच आणि तितक्याच बदामांतून सुमारे दीड मायक्रोग्रॅम मिळते. कडधान्ये, सोयाबीन, कोंड्यासह दळलेले धान्य आणि दूध यांतूनही थोडे थोडे जमा होत राहते. मोठ्या आतड्यातील जीवाणूही काही बायोटिन तयार करतात.

रताळ्यात बायोटिन बऱ्यापैकी असते, पण ते कंद असल्याने अनेक घरांत वर्ज्य आहे. त्याची उणीव शेंगदाणे आणि बिया सहज भरून काढतात. चातुर्मासात पालेभाज्या सोडल्या तरी या हिशेबात फारसा फरक पडत नाही, कारण पालकासारख्या भाजीत बायोटिन मुळातच थोडे असते. आयंबिलात दूध-तूप नसले तरी धान्ये आणि कडधान्ये असतातच. रोजच्या जेवणात डाळ, उसळ, पोळी-भाकरी आणि शेंगदाण्याचे कूट असणाऱ्या निरोगी माणसाला बायोटिनची वेगळी गोळी लागण्याचे सहसा कारण नाही.

शाकाहारी घरांनी ज्याची खरी चिंता करावी ते जीवनसत्त्व ब-१२ आहे. ते वनस्पतींत नैसर्गिकरीत्या नसते आणि दूध-दही हाच आपला मुख्य आधार असतो. बायोटिनच्या जाहिरातीमागे धावताना ब-१२ आणि लोह तपासायचे राहून जाते, हा उलटा न्याय अनेक घरांत दिसतो.

केस आणि नखे : दावा आणि पुरावा

बायोटिनचा खरा अभाव झाला तर केस विरळ होतात, डोळे, नाक आणि तोंड यांच्याभोवती लाल खवलेदार पुरळ उठते, हे सत्य आहे. अशा रुग्णाला बायोटिन दिले की केस पुन्हा येतात, हेही सत्य आहे. जाहिरात यापुढे एक उडी मारते. ज्याच्या शरीरात बायोटिन पुरेसे आहे, त्याने अधिक घेतले तर केस अधिक येतील, असे ती सुचवते. या उडीला आधार नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात बायोटिनमुळे केस वा नखे सुधारल्याच्या १८ नोंदी तपासण्यात आल्या. त्या सर्वच रुग्णांमध्ये सुधारणेला कारण ठरेल असा मूळचा आजार होता. निरोगी माणसाच्या केसांना लाभ झाल्याचा भक्कम पुरावा मिळाला नाही.

नखांची बाजू थोडी वेगळी आहे. घोड्यांचे खूर बळकट करण्यासाठी पशुवैद्य बायोटिन वापरत. त्यावरून माणसांच्या ठिसूळ नखांवर रोज २.५ मिलिग्रॅम देऊन पाहण्यात आले आणि काही जणांची नखे जाड झाल्याचे आढळले. परंतु हे अभ्यास लहान होते आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून त्यांना शक्यतेपलीकडे वजन देता येत नाही.

मग आरंभीच्या प्रसंगातील सुनेचे केस का गळले? डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात आणि रोज ५० ते १०० गळणे स्वाभाविक आहे. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, झपाट्याने उतरलेले वजन किंवा दीर्घ उपवास यांचा शरीरावर ताण पडला की बरेच केस एकाच वेळी विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळू लागतात. पर्युषणातील तपश्चर्येचा परिणाम दिवाळीच्या सुमारास फणीत दिसला, तर त्याचा कालखंड या नियमाशी जुळतो. मधल्या अंतरामुळे कारण कोणाच्या लक्षात येत नाही. बहुधा ही गळ काही महिन्यांत आपोआप थांबते आणि केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर या गतीने परत वाढतात. त्याच काळात कोणी बायोटिन घेत असेल, तर श्रेय गोळीला मिळते.

तप हा श्रद्धेचा विषय आहे आणि त्याची मर्यादा ज्याची त्याने, गुरुजनांच्या व वैद्यांच्या सल्ल्याने ठरवावी. मात्र तपाआधी हिमोग्लोबिन पाहून घेणे आणि पारण्यानंतर प्रथिने व लोह यांची भरपाई हळूहळू करणे, एवढी दक्षता प्रत्येक घरात शक्य आहे. गळ लांबली तर लोह, ब-१२, ड-जीवनसत्त्व आणि थायरॉइड यांची तपासणी प्रथम करावी.

बायोटिन खरोखर कोणाला लागते?

काही रुग्णांसाठी हे जीवनसत्त्व अक्षरशः प्राणरक्षक आहे. वर उल्लेख केलेले बायोटिनिडेज विकर काही बालकांत जन्मतःच नसते वा अपुरे असते. जगभरात साधारण ६०,००० जन्मांमागे एका बाळात हा दोष आढळतो. उपचार न झाल्यास झटके, त्वचाविकार, केस गळणे, ऐकू न येणे, दृष्टी मंदावणे असे परिणाम होतात. नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवरून तो ओळखता येतो आणि रोज ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन आयुष्यभर दिल्यास मूल निरोगी वाढू शकते. जन्मानंतरच ही तपासणी झाली आणि उपचार लवकर सुरू झाले, तर पुढचे सारे नुकसान टळते. ज्या घरात नातवंडाची चाहूल आहे, त्यांनी नवजात तपासणीविषयी प्रसूतितज्ज्ञांकडे अवश्य चौकशी करावी.

अपस्मारावरील फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटल यांसारखी औषधे वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत बायोटिन कमी होऊ शकते. दीर्घकाळ केवळ शिरेवाटे पोषण चालू असलेले रुग्णही याच वर्गात येतात. गरोदरपणात काही स्त्रियांमध्ये सौम्य घट आढळते. या सर्वांनी गोळी घ्यायची का आणि किती, हे डॉक्टरांनी ठरवावे. ज्यांना डॉक्टरांनी ती लिहून दिली आहे, त्यांनी हा लेख वाचून परस्पर बंद करू नये.

तपासणीतील घोटाळा

अतिरिक्त बायोटिन विषारी नाही, म्हणून ते निर्धोक समजले जाते. धोका निराळ्या दाराने येतो. अॅव्हिडिनची ती विलक्षण पकड लक्षात असेल. तिच्याच जातीचे 'स्ट्रेप्टॅव्हिडिन' हे जीवाणूजन्य प्रथिन आणि बायोटिन यांची जोडी रक्त तपासण्याच्या अनेक यंत्रांत आकड्यासारखी वापरली जाते. रुग्णाच्या रक्तातच बायोटिन भरमसाट असेल, तर ते हे आकडे आधीच अडवून बसते आणि यंत्राचे माप चुकते. वजनकाट्याच्या पारड्याला कोणी खालून बोट लावावे, तसे हे आहे. काटा ठीक, माल ठीक, तरी वजन खोटे.

तपासणीच्या पद्धतीनुसार काही आकडे खोटे कमी येतात, काही खोटे जास्त येतात. टीएसएच कमी आणि टी-३, टी-४ जास्त दिसू शकते. हे चित्र थायरॉइडच्या ग्रेव्ह्ज विकारासारखे भासते. आनुवंशिक आजारासाठी मोठ्या मात्रेत बायोटिन घेणाऱ्या सहा बालकांत अगदी असेच घडल्याची नोंद २०१६ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली. ड-जीवनसत्त्व प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसून कमतरता झाकली जाऊ शकते. सर्वांत गंभीर बाब हृदयविकाराची. झटक्याचे निदान करणारी ट्रोपोनिन तपासणी खोटी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये याविषयी जाहीर इशारा दिला आणि अशा चुकीच्या अहवालानंतर एका रुग्णाचा मृत्यू झाल्याचेही नमूद केले. २०१९ मध्ये त्या इशाऱ्याची पुन्हा आठवण करून देण्यात आली.

सर्वच यंत्रांना ही अडचण येत नाही आणि अनेक उत्पादकांनी पद्धतीत सुधारणाही केल्या आहेत. पण आपले रक्त कोणत्या यंत्रावर जाणार, हे रुग्णाला ठाऊक नसते. म्हणून थायरॉइडच्या तपासणीपूर्वी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवण्याचा सल्ला दिला जातो. मात्रा फार मोठी असेल किंवा मूत्रपिंड अशक्त असेल, तर अधिक काळ लागतो. तो डॉक्टरांना वा प्रयोगशाळेला विचारून ठरवावा. छातीत दुखल्यावर मात्र दोन दिवस थांबता येत नाही. तेथे 'रुग्ण बायोटिन घेतो' हे एक वाक्य डॉक्टरांना सांगणे हाच उपाय आहे.

आवरणाचा प्रश्न

बाजारातील बायोटिन प्रामुख्याने रासायनिक प्रक्रियेने तयार होते. त्याची व्यापारी निर्मिती शक्य करणारी पद्धत १९४० च्या दशकाच्या अखेरीस गोल्डबर्ग आणि स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञांनी विकसित केली. त्यामुळे बायोटिन स्वतः बहुधा आक्षेपार्ह नसते. प्रश्न त्याच्या आवरणाचा आहे. मऊ कॅप्सूल, कठीण कॅप्सूल आणि मुलांना आवडणाऱ्या गमी यांत जिलेटिन असू शकते आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडांपासून व कातड्यापासून बनते. वनस्पतिजन्य सेल्युलोजची कॅप्सूल किंवा पेक्टिनची गमी हे पर्याय उपलब्ध आहेत. खाद्यपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूवर हिरवी वा तपकिरी खूण पाहावी. औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलवर ती खूण असेलच असे नाही, तेथे घटकांची यादी वाचावी आणि दुकानदाराला विचारावे. घरात पाणी गाळून पिणाऱ्या कुटुंबाने गोळी न वाचता गिळावी, हे विसंगत आहे.

ज्यांचे स्वतःचे औषधांचे वा सौंदर्यप्रसाधनांचे दुकान आहे, त्यांच्यावर थोडी अधिक जबाबदारी येते. गोळी विकताना "रक्त तपासायचे असेल तर आधी सांगा" एवढे वाक्य ग्राहकाला ऐकवले, तर विक्री फारशी घटणार नाही, विश्वास मात्र वाढेल.

घरातील नोंद

प्रत्येक घरात उधारी-जमेची वही असते. तिच्या जोडीला एक लहान वही औषधांची ठेवावी. कोण कोणती गोळी घेते, कधीपासून, किती मात्रेची, कोणाच्या सांगण्यावरून, हे त्यात असावे. 'फक्त व्हिटॅमिन' म्हणून काहीही वगळू नये. दवाखान्यात किंवा प्रयोगशाळेत जाताना ही वही सोबत न्यावी.

त्या कल्पित घरातील सून आता डॉक्टरांनी दिलेले लोह घेते आहे आणि सासूबाई तिच्या ताटात मूठभर शेंगदाणे व गूळ न चुकता ठेवतात. उरलेली डबी नणंदेला परत गेली आहे. सोबत निरोप होता : "पुढच्या वेळी थायरॉइड तपासाल तेव्हा, ताई, आधी ही गोळी बंद करा आणि डॉक्टरांना सांगा."